अर्धं सूत

११ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विशेष काही नाही. विनंती आहे, ती शेवटी लिहितो.

इकडे सगळे ठीक. सगळे म्हणजे अप्पा आणि मी. अप्पांचे पाय थांबले, तोंड चालू आहे. उन्हाळ्यात त्यांची खाट कामाच्या खोलीत आणली, खिडकीखाली. कामाचा आवाज कानावर असला की झोप लागते म्हणतात. आवाज करावा असं काम आता येत नाही. मग मी दुपारी लोखंडाचा एक तुकडा घेतो आणि त्यावर कानस फिरवत बसतो. ते डोळे मिटूनच म्हणतात, "उगाच कशाला कानस झिजवतोस?" आणि झोपतात.

गाव होतं तसंच आहे, फक्त कमी आहे. शाळेला कुलूप लागून सहा वर्षं झाली. चूल पेटते अशी घरं अकरा. मी सकाळी दारात उभा राहून धूर मोजतो. कोपऱ्यावरची दुकानदारीण अजून दुकान उघडते. विकायला काही नसतं. परवा तिला म्हटलं, "मग उघडता कशाला?" तर म्हणाली, "बंद ठेवलं तर लोक म्हणतील, मेली." लोक कोण, हे मी विचारलं नाही.

बस आठवड्यातून तीनदा येते. मंगळवारी आणि शुक्रवारी वरच्या बाजारगावी जाते, रविवारी खालच्या. बाजाराचे वार तेच आहेत, बाजार तो नाही. वरच्या गावाने दगडी मंडप घासून धुऊन काढला, खालच्याने कमानींत दिवे सोडले. लांबून माणसं येतात आणि फरशीचे फोटो काढतात. पोती पडायची तिथे खुर्च्या टाकून बसतात. त्यांच्या गाड्या आपल्या दारावरून जातात. एखादी थांबते, काच खाली होते, "जुना बाजार कुठे?" मी हात करतो. एकीने विचारलं, "आणि इथे काय आहे बघण्यासारखं?" अप्पा आतून ओरडले, "मी आहे!" गाडी गेली.

माझ्या कामाचं विचारशील, तर दोन्ही बाजारांत भाजीवाल्यांकडेसुद्धा तराजू जाऊन आकड्यांचे काटे आले. बिघडले की फेकतात. सेल संपला तर मी बदलून देतो. मला सेलवाला म्हणतात. "ओ सेलवाले, याचा आकडा थरथरतोय बघा." मी हातात घेऊन बघतो. माझाही हात थरथरतो, त्यामुळे कोण थरथरतंय ते कळायला वेळ लागतो. अप्पा म्हणायचे ना, हा ताईच्या पासंगालाही पुरणार नाही. तेव्हा तू शिशाची गोळी माझ्या खिशात टाकायचीस. "घे, तेवढं तरी वजन वाढेल." परवा ते आठवलं.

आता विनंती.

वरच्या बाजार समितीची चिटणीस आली होती. तरुण बाई आहे, बूट चिखलात बुडवून आली. मंडपातला मोठा काटा गोदामात सापडला म्हणाली. तो त्यांना पुन्हा मंडपात टांगायचा आहे. तोलायचं काही नाही, "नुसता सरळ दिसला पाहिजे." अप्पा म्हणाले, "सरळ दिसायचं असेल तर आरसा लावा बाई. काटा कशाला?" ती हसली. ती हसली म्हणजे कबूल झाली, असं अप्पांनी धरलं. काटा पुढच्या आठवड्यात आपल्याकडे येतो आहे.

मोठा काटा म्हणजे तोच.

माझ्या एकट्याने होणार नाही. अप्पांनी तुला बोलावलं आहे. दोन दिवस ये. बसचे वार वर लिहिले आहेत. तुझ्या खोलीत सामान टाकलं होतं, ते काढून झाडून ठेवली आहे. खिडकी अजून अडकते. बाकी दारं-कड्या ठीक आहेत.

तुझं या जानेवारीचं कार्ड आलं नाही. टपालवाली म्हणते, हरवलं असेल. "तसंही त्यावर चार शब्द असतात. तेवढे तुम्हीच म्हणून टाका." गेल्या वर्षी तू साखळीच्या कड्यांचं विचारलं होतंस. त्याचं उत्तर राहिलं. सवडीने लिहितो.

कळावे, लोभ असावा.

तुझा
धाकटा


६ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न.

माझं पत्र मिळालं नसेल. किंवा मिळालं असेल.

काटा आला. चार माणसांनी उतरवला. दांडी टेबलावर मावत नाही, तेव्हाही मावायची नाही. दोन्ही टोकं बाहेर राहतात आणि येता-जाता कमरेला लागतात. गंज वाटला होता त्यापेक्षा कमी. पारड्यांच्या फळ्या कुजल्या आहेत, साखळ्या शाबूत. खूणही आहे. डाव्या हाताला, मधल्या धारेपासून चार बोटांवर, ठोकलेला चिमणीचा पाय. अप्पांनी खाटेवरून हात लांब केला. मी दांडी थोडी पुढे सरकवली. त्यांनी तीन रेघा बोटाने चाचपल्या आणि हात परत पांघरुणात घेतला.

त्या दिवसाबद्दल मी चौतीस वर्षांत तुला एक ओळ लिहिलेली नाही. मला काय आठवतं ते लिहितो.

मंगळवार होता. आपण तिघं मंडपाच्या कडेला बसून किरकोळ तराजू लावत होतो. एका म्हातारीने धान्याचं पोतं घरी तोलून आणलं होतं. मोठ्या काट्यावर ते ओंजळभर कमी भरलं. लोक हसले. "आजी, वाटेत खाल्लंत का?" ती हसली नाही आणि हललीही नाही. म्हणाली, "वजनं इकडे टाका, माझं पोतं तिकडे टाका." तोलणारा कुरकुरला, पण टाकलं. तेच पोतं आता ओंजळभर जास्त भरलं. मग हसणं थांबलं. सगळा हंगाम त्या काट्यावर गेला होता. पोत्यामागे एक ओंजळ, आसपासच्या सगळ्या गावांची.

अप्पा उठून गेले, दांडीवरून हात फिरवला. मग गर्दीतच विचारलं, "खूण कुणाची?" त्यांना माहीत नव्हतं असं नाही. तो ठसा त्यांनीच तुला घडवून दिला होता. काटा ज्याने लावला त्याने दांडीवर आपली खूण ठोकायची, म्हणजे उद्या कुणाला विचारायचं ते पक्कं, हा नियमही त्यांचाच. मला तेव्हा खूण नव्हती.

तू म्हणालीस, "खूण माझी आहे."

त्यांनी हात पुढे केला. तू कमरेचा ठसा काढून त्यांच्या तळहातावर ठेवलास. मागून कुणीतरी म्हणालं, "बाईच्या हातात काटा दिला की असंच व्हायचं." त्याला कुणी गप्प केलं नाही. मीही नाही.

अप्पा आणि मी गाडीतून परत आलो. तू आधीच पायी निघाली होतीस. ओढ्याच्या पुलावर आम्ही तुला गाठलं आणि मागे टाकलं. अप्पांनी गाडी थांबवली नाही. मी मागे वळून पाहिलं की नाही, हे मला खरंच आठवत नाही. पाहिलं असतं तर आठवलं असतं.

घरी आल्यावर अप्पांनी तो ठसा माझ्यासमोर टेबलावर ठेवला. "हा आता तुझा." तू खोलीत होतीस, दार लोटलेलं होतं. त्याच आठवड्यात समितीने तो काटा उतरवून गोदामात टाकला आणि नवा आणला. तीन महिन्यांत तुझं लग्न झालं, इतक्या लांब की चार बस बदलाव्या लागतात. त्यानंतर लावलेल्या प्रत्येक काट्यावर मी तुझाच ठसा मारत आलो. दोन्ही बाजारांत लोक चिमणीचा पाय बघून माझा हात ओळखतात. ओळखायचे.

काट्याचं काय बिघडलं होतं ते आता उघड्यावर आहे. सगळं सुटं करून टेबलावर मांडलं आहे. पण पत्रात लिहिण्यासारखं नाही. तू आलीस तर दाखवीन.

आणखी एक. अप्पा गेले. गेल्या मंगळवारी, दुपारी. मी कानस फिरवत होतो. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की आज कुणी ओरडलं नाही. दुकानदारीण, टपालवाली आणि मी, शिवाय खालच्या गावातून दोघे आले, एवढ्यांत झालं. तुला कळवायला उशीर झाला. फोन करायचा तर तुझा नंबर माझ्याकडे नाही. मी तो कधी मागितला नव्हता.

मागच्या पत्रात लिहिलं होतं की अप्पांनी बोलावलं आहे. त्यांनी बोलावलं नव्हतं. मी बोलावलं होतं.

शेवटी काही बोलले का, असं तू विचारशील. मरताना नाही, पण त्याच्या आधी बोलले. ते लिहायला मला वेळ लागेल.

लोभ असावा.

तुझा
धाकटा


१९ डिसेंबर

ताई,

तुझ्या मुलीचं पत्र आलं. तिचं अक्षर तुझ्यासारखं आहे. मी पाकीट बघून आधी फसलो.

ती लिहिते: "मामा, तुमची दोन्ही पत्रं पोचली. आईला वाचून दाखवली. आजोबा गेल्याचं दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तिने विचारलं, कुणाचे? वर्षभर असंच चाललंय. मला कधी ओळखते, कधी अहो बाई म्हणते. कार्ड त्यामुळेच गेलं नाही. पण ती चादरीवर बोटांनी काहीतरी मोजत असते आणि म्हणते, उजवी नाही, मधली नाही, सुई नाही, कडी नाही. मग थांबते. थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यापासून. डॉक्टर म्हणाले, अर्थ लावत बसू नका. तुम्हाला लागतो का?"

मला लागतो.

भाचीबाई, हे पत्र तूच उघडशील, तेव्हा आधी तूच वाच. तुला कळावं म्हणून काही गोष्टी सोप्या करून लिहितो. ताई ऐकत असेल तर तिला कंटाळा येईल. येऊ दे.

मोठ्या काट्याच्या दांडीला तीन धारा असतात. मधल्या धारेवर दांडी झुलते, आणि ती सरळ आहे की नाही ते मधली सुई दाखवते. दोन टोकांच्या धारांवर पारडी लटकतात. मधलीपासून दोन्ही टोकं अगदी सारखी लांब असली पाहिजेत. एक धार जरा आत सरकली तरी काटा खोटा झाला. पण रिकामा असताना ते लपवता येतं. वर उचललेल्या हलक्या पारड्याखाली शिशाचा तुकडा लावायचा. त्याला पासंग म्हणतात. दांडी सरळ होते. माल पडला की मग ती खोटं बोलते, आणि जितका माल जास्त तितकं मोठं. म्हणून काटा लावून झाला की भरून बघायचा, आणि मग माल इकडचा तिकडे करून पुन्हा बघायचा. आम्ही त्याला उलटापालट म्हणायचो. तुझे आजोबा म्हणायचे, रिकाम्या काट्याला काही विचारू नका, तो सगळ्यांच्या हो ला हो म्हणतो.

ताई, त्या वर्षी मोठा काटा आपण दोघांनी केला. उजवी धार तुझ्याकडे होती, डावी माझ्याकडे. मी बावीस वर्षांचा होतो आणि मोठ्या काट्याची धार पहिल्यांदाच माझ्या हातात आली होती. अप्पा नको म्हणत होते. तू त्यांना म्हणालीस, "पासंगाला पुरत नाही, पुरत नाही म्हणता. मग पुरणार कधी? करू दे त्याला."

ठोकून बसवताना धार आत सरकली. अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग. मला दिसलं. काढून पुन्हा बसवायची तर खाच नव्याने कोरायला हवी होती. संध्याकाळ झाली होती आणि सकाळी काटा न्यायचा होता. आणि मुख्य म्हणजे तुला सांगावं लागलं असतं. मी डाव्या पारड्याखाली शिसं लावलं. माझ्या खिशात होतं तेच. तू टाकलेलं.

तू अंगणातून आलीस, हात तेलाने भरलेले. दारातूनच विचारलंस, "उलटापालट केलीस?"

मी म्हटलं, "हो."

तू दांडीकडे पाहिलंस. ती सरळ होती. तू हात पुसलेस आणि ठसा ठोकलास.

इतकंच आहे. एक अक्षर.

तुझी तेहेतीस कार्डं माझ्याकडे आहेत, खिळ्यांच्या डब्यात. वर "सर्व ठीक" आणि खाली एक प्रश्न. पहिल्या वर्षी लिहिलं होतंस, माझं कुठे चुकलं ते कळलं तर कळव. मग, उजवी धार असेल का. मग मधली. मग सुईचा खिळा. मग आकडे, साखळ्या, साखळ्यांच्या कड्या. मी उत्तरात हवापाणी लिहायचो. काटा गोदामात बंद, तू चार बस लांब, आणि तू न बघता, हात न लावता एकेक गोष्ट तपासून बाजूला ठेवत गेलीस. तुझ्या हातची प्रत्येक गोष्ट. एकच जागा उरली होती, माझी. तिच्याबद्दल तू कधीच विचारलं नाहीस. माझ्यावर विश्वास होता म्हणून, की मला वाचवायचं होतं म्हणून, हे मी आजवर ठरवू शकलो नाही. मला वाटायचं, कधीतरी तूच सांगशील.

अप्पांचं सांगायचं राहिलं.

दांडी टेबलावर आली त्याच दुपारी मी त्यांना म्हटलं, "अप्पा, ती डावी धार माझी होती."

ते खिडकीबाहेर बघत होते. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"बाजारातच. हात फिरवला ना मी. तुझा ठोका तिरपा पडतो. लहानपणापासूनच पडतो."

"मग ताईला का..."

"ती तशीही जाणारच होती," ते म्हणाले. "तुला इथे राहायचं होतं. एकाचं नाव जाणार होतं. जाणाऱ्याचं गेलं."

 मग त्यांनी विचारलं, "दूध तापवलंस का? नासेल."

मी दूध तापवलं. त्यानंतर ते तेरा दिवस होते. आम्ही नेहमीसारखे बोलत होतो. मला वाटलं होतं काहीतरी वेगळं होईल, मी त्यांच्याशी बोलणं टाकीन किंवा ते रडतील. तसं काही झालं नाही. त्यांची पाठ पुसली, नखं काढली. त्यांच्या हिशेबी त्यांनी मला सांभाळलं होतं आणि मी त्यांना सांभाळत होतो.

हे वाक्य तुला कळवायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण ते लपवणं म्हणजे पुन्हा पारड्याखाली शिसं लावणं झालं. म्हणून लिहिलं.

काटा मी पुरा केला. खाच कोरली, धार बाहेर आणली. खोलीत मोठं आढं आहे त्याला टांगून वाळूच्या पोत्यांनी उलटापालट केली. पाच दिवस लागले, तुला एक लागला असता. शेवटी दोन्हीकडून सारखा आला. हात थरथरत होते, तरी आला. मी खुर्ची घेऊन समोर बसलो. दाखवायला कुणी नव्हतं.

मग ठरवलं की मंडपात टांगतील त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगायचं. तीच जागा, वारही मंगळवार. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. समितीचा अध्यक्ष होता, चिटणीस होती, आणि गळ्यात कॅमेरे अडकवलेली चाळीसएक माणसं. काटा वर चढला तेव्हा टाळ्या वाजल्या. मी पुढे गेलो आणि म्हणालो, चौतीस वर्षांपूर्वी इथे जिची खूण काढून घेतली, तिचं काही चुकलं नव्हतं. धार मी बसवली होती. खोटं मी बोललो होतो.

 एका बाईने शेजारणीला विचारलं, "हे कार्यक्रमात आहे का?" दोघांनी फोटो काढला. अध्यक्ष म्हणाला, "वा, छान. जुन्या आठवणी." चिटणीस माझा हात धरून मला बाजूला घेऊन गेली. वाईट बाई नाही ती. हळूच म्हणाली, "काका, तेव्हाचं कुणीच नाही हो इथे."

मी बघितलं. खरंच कुणी नव्हतं. म्हातारी कधीच गेली. तोलणारा गेला. मागून बोलणारा माणूसही गेला असणार. त्याचा चेहरा मी तेव्हाही पाहिला नव्हता. त्या दिवशी ऐकणारे सगळे होते आणि सांगणारा गप्प होता. आज सांगणारा होता. उलटापालट केली ताई, आणि खोटं निघालं.

मी चिटणीसबाईला म्हटलं, खूण तरी दाखवतो. शिडी लावून वर चढलो. समितीने काटा नेल्यावर दांडी यंत्राने घासून घेतली होती आणि काळा रंग दिला होता. डाव्या हाताला, मधल्या धारेपासून चार बोटांवर, बोट फिरवलं. गुळगुळीत. तिने खालून विचारलं, "सापडली का काका?" मी म्हटलं, "हो."

पुन्हा तेच अक्षर तोंडातून गेलं.

काट्याभोवती आता दोरी बांधली आहे, हात लावू नये म्हणून पाटी आहे. काटा खरा आहे. त्यात कधी काही पडणार नाही, त्यामुळे ते कुणाला कळायचं नाही.

सेल बदलायला मी आता जात नाही. या महिन्यात धूर नऊ घरांतून निघाला. दुकानदारीण आजारी आहे. दार मी उघडून ठेवतो तिच्यासाठी, सकाळी, आणि संध्याकाळी लावतो.

भाचीबाई, सोबत लहान पुडी आहे. त्यात तिचा ठसा आहे, आणि पारड्याखालून काढलेली शिशाची गोळी. माझ्याकडे दुसरी खूण नाही, कधी नव्हती. ठसा तिच्या उजव्या हातात दे. घासलेली बाजू अंगठ्याखाली आली पाहिजे. ती आपोआप फिरवून घेईल. गोळी दिली नाहीस तरी चालेल.

हे सगळं तिला वाचून दाखवू नकोस. तिला एवढं लांबलचक लक्षात धरवणार नाही. ती मोजायला लागली, उजवी नाही, मधली नाही, सुई नाही, असं करत कडीवर येऊन थांबली की हळूच म्हण, डावी. घाई करू नकोस. तिने विचारलं, किती, तर सांग, अर्धं सूत. तेवढं तिला पुरेल. विचारलं नाही तर राहू दे, दुसऱ्या दिवशी पुन्हा सांग.

कुणी, असं ती विचारणार नाही. तिने ते कधीच विचारलं नाही.

शेवटी "कळावे, लोभ असावा" असं लिहायची आपली रीत. मी अर्धीच लिहितो.

कळावे.

धाकटा